सहा प्लेट्स घेतल्या, जेवायला पाचच
बडोद्यात फाइन आर्ट्सवाली पोरं पुष्कळ, त्यामुळे हाताने केलेल्या प्लेट्स मिळणं नवीन नाही, पण या छोट्या स्टुडिओतल्या आम्ही रोज वापरतोय. स्टोनवेअर आहे, म्हणजे १२०० डिग्रीच्या आसपास भाजलेली दगडासारखी टणक माती, आमटी-भात खाऊनही हळदीचा डाग राहत नाही. निळं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, कडेला ओघळून जाड थेंब झालाय तो तर मस्तच, प्रत्येकीचा वेगळा. सासूबाईंनी एक उचलून चक्क शोकेसमध्ये ठेवली!

तक्रार एकच, बुडाला ग्लेझ नसतं कारण भट्टीत चिकटेल, ते ठीक, पण तिथे इतकं खरखरीत की एकावर एक ठेवल्या की खालचीला चरे पडतात, सांगितलं तर म्हणे हँडमेड आहे. अहो, पॉलिश पेपर तरी फिरवा. शेवटी मीच आणून घासलं.