मासा सोडून द्यायचाय? मग गळ, आमिष आणि जागा आधी ठरवा

गरवायला जाणाऱ्यांमध्ये हल्ली मासा पकडून परत पाण्यात सोडणारे बरेच दिसतात. मासा शेपटी मारून खोल पाण्यात गेला म्हणजे तो वाचला, असं त्यातले बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात दमलेला किंवा आतून जखमी झालेला मासा कित्येकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मरतो, आणि तो मेलेला आपल्याला दिसत नाही.

बार्थोलोम्यू आणि बोनसॅक या संशोधकांनी २००५ साली वेगवेगळ्या अभ्यासांतले, सोडलेल्या माशांचे २७४ मृत्युदर एकत्र मांडले. सरासरी निघाली १८ टक्के, पण आकडे शून्यापासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. सरासरी खरी धरली, तर दिवसभरात दहा मासे धरून सगळे सोडणारा माणूस दोनेक मासे मारूनच घरी जातो. खाण्यापुरते दोन ठेवून गळ गुंडाळणाऱ्यानेही तेवढेच मारलेले असतात. तेव्हा ‘सोडणारा भला, खाणारा वाईट’ असा सरळ हिशेब मला पटत नाही. सोडायचंच असेल, तर स्वतःचा आकडा शून्याच्या जवळ कसा नेता येईल ते पाहायला हवं, आणि त्यातलं बरंचसं गळ बांधतानाच ठरतं.

जिवंत चारा की ल्युअर?

मासा जगेल की मरेल हे सगळ्यात जास्त एकाच गोष्टीवर ठरतं: गळ कुठे रुतला. ओठात किंवा जबड्याच्या कडेला असेल, तर मासा बहुधा जगतो. घशात, कल्ल्यांत किंवा पोटात गेला, तर शक्यता झपाट्याने घटते. कल्ल्यांतून भराभर रक्त जातं आणि माशाचं हृदयही घशाला लागूनच असतं.

गांडूळ, कोळंबी किंवा जिवंत चारा लावला की मासा तो गिळतो. त्यात गळ नेहमीचा, इंग्रजी ‘जे’च्या आकाराचा असेल आणि दोरी सैल सोडून तुम्ही गप्पा मारत बसला असाल, तर ओढेपर्यंत तो पोटात पोचलेला असतो. ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, सतत हलत असतो, मासा त्यावर झडप घालतो, त्यामुळे गळ बहुतेक तोंडातच राहतो. सोडायच्या दृष्टीने ल्युअर उजवा, यात मला शंका नाही. मात्र त्याला लटकणारे तीन तोंडांचे दोन-दोन गळ काढून टाका. एक जबड्यात असताना दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात घुसतो आणि सोडवताना मिनिटं जातात. त्यांच्या जागी एकेरी गळ लावले, तर काम भागतं.

चाऱ्यानेच गरवायचं असेल, तर सर्कल हुक घ्या. त्याचं टोक आत वळलेलं असतं. गिळला तरी ओढताना तो घसरत येऊन तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. २००४ साली कूक आणि सुस्की यांनी केलेल्या आढाव्यात या गळामुळे मृत्यू एकंदरीत निम्म्यावर आलेले दिसले, फरक सगळ्या जातींत सारखा नसला तरी. सवय तेवढी बदलावी लागते: मासा लागला की झटका द्यायचा नाही, रीळ संथपणे फिरवत राहायचं. झटका दिला की सर्कल हुक तोंडातून नुसता निघून येतो, आणि मग लोक गळाला नावं ठेवतात.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. त्याने मृत्युदरात फरक पडतोच असं सगळ्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण गळ चटकन निघतो आणि मासा कमी वेळ हातात राहतो. आणि गळ खोल गेलाच, तर तो उपटू नका. दोरी तोंडाजवळ कापा आणि मासा सोडा. कॅनडात ब्लूगिल माशांवर केलेल्या प्रयोगात गळ ओढून काढलेले मासे दोरी कापलेल्यांपेक्षा बरेच जास्त मेले.

फोटो हवा, पण किती वेळ?

झुंज देऊन दमलेल्या माशाला पाण्याबाहेर काढणं म्हणजे शर्यत पळून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरणं. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या १९९२ सालच्या प्रयोगात दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या रेनबो ट्राउटपैकी १२ टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत ठेवलेल्यांत ३८ टक्के, आणि पूर्ण मिनिट ठेवलेल्यांत ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतले, शस्त्रक्रिया झालेले मासे होते. आपल्या नदीला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण चढ कुणीकडे आहे ते स्पष्ट आहे. दहा सेकंदांच्या आत आटपा, नाहीतर मासा पाण्यातच ठेवून फोटो काढा.

झुंज लांबवायला बारीक दोरी वापरणं हीसुद्धा माशाला शिक्षाच. मे महिन्यात तर जास्तच: २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच, आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्यावर जायचं तर पहाटे जा. दुपारी धरलेला मासा सोडून फारसं साधत नाही. हात ओले करून मासा धरा, आणि गाठींच्या नायलॉन जाळीपेक्षा रबरी जाळी घ्या. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी धरते.

सोडण्याआधी मासा पाण्यातच हलकेच उलटा करून पाहा. लगेच सरळ झाला, शेपूट धरताच उसळला, तर सोडा. कुशीवर पडत असेल, तर तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवा. मागेपुढे ढकलू नका.

कुठला मासा?

महसीर तसा चिवट. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून ब्रिटिश अधिकारी साइक्स यांनी १८३९ साली ज्या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं, ती हीच आपली खडशी, महसीरचीच एक जात. तिला मुळीच ठेवू नये. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात तिची पिल्लं वर्षानुवर्षं वाढवली जातात, ती उगाच नाही.

मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेरचा काळ ती सोसते. पण पावसाळ्यात तांबड्या पिल्लांच्या थव्याखाली राखण करणारी मरळ धरू नका. ती जगेल, पण ती दूर असताना पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातील.

रायगडच्या खाडीतला जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे जो मोठा म्हणून मिरवावासा वाटतो, तोच सोडायला हवा. त्याला ओठ पकडणाऱ्या चिमट्याला टांगून वजन करू नका. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात अशा जिताड्यांच्या तोंडाला इजा आणि मणक्यांची जागा बदललेली आढळली. पोटाखाली हात देऊन आडवा धरा.

खोल समुद्रातला हेकरू किंवा तांबोशी हा मात्र वेगळा प्रश्न. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. वर येताना वाताशय, म्हणजे माशाच्या आतली हवेची पिशवी, फुगतो, पोट तोंडातून बाहेर येतं आणि सोडलेला मासा वरच तरंगत राहतो. त्याला वजन लावून पुन्हा खाली नेणारं साधन बोटीवर नसेल, तर त्याला सोडून उपयोग नाही. पुरेसे मासे झाले की त्या जागेवरून बोट हलवा.

तिलापिया आणि थाई मांगूर परत सोडू नका. दोन्ही बाहेरचे आणि देशी माशांच्या मुळावर येणारे. तिलापिया कढईत जाऊ द्या. थाई मांगूरच्या पालनावर तर आपल्याकडे बंदीच आहे.