१,२०८ पौंड आणि ‘जी’ हे एक अक्षर

हे लिहायला मला चार महिने लागले, आणि त्यांतले तीन निव्वळ लाजेत गेले. बावीस वर्षे हिशेबतपासणीत घालवून, दुसऱ्यांच्या चोपड्यांतली चार पैशांची तफावत शोधून काढणाऱ्या माणसाने स्वतःचे १,२०८ पौंड जॅझच्या तबकड्यांसाठी (ग्रामोफोन रेकॉर्डसाठी) एका जेमतेम ओळखीच्या विक्रेत्याच्या हवाली करावेत, यावर कोणीही हसेल. घरी मी बरेच दिवस हा आकडा ‘चारशेच्या आसपास’ असा सांगत होतो. आता खरा लिहितो, कारण त्याच पद्धतीने गाठले गेलेले आणखी दोन संग्राहक मला इथे लंडनमध्येच भेटले आहेत आणि दोघांनीही माझ्यासारखेच तोंड मिटून घेतले होते.

ज्यांना हा छंद आहे त्यांना मूळ प्रतींचे, म्हणजे तबकडी पहिल्यांदा निघाली तेव्हाच्या छपाईचे, भाव सांगायला नकोत. १९६० च्या दशकात डेनिस प्रेस्टन या स्वतंत्र निर्मात्याने हॉलंड पार्कमधल्या लॅन्सडाउन स्टुडिओत जे ब्रिटिश जॅझ ध्वनिमुद्रित करून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कोलंबिया लेबलवर आणले, ते त्या काळी फारसे खपले नाही. तरुण गिऱ्हाईक बीटल्ससारख्या बीट गटांच्या मागे गेले होते, प्रती थोड्याच निघाल्या आणि लवकरच यादीतून वगळल्या गेल्या. सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल आणि ट्रम्पेटवादक इयन कार यांच्या पंचकाच्या (पाच वादकांच्या गटाच्या) १९६५ ते १९६९ या काळातल्या पाच तबकड्या किंवा पियानोवादक माइक टेलरचा १९६६ चा ‘पेंड्युलम’ यांच्या सुस्थितीतल्या मूळ प्रती आज अनेकदा चार आकडी पौंडांत जातात. पगारदाराने त्या काचेपलीकडून पाहाव्यात. म्हणून मी रीइश्यू, म्हणजे जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या, जमवतो, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही: मूळ टेप शोधून, रीतसर परवाना घेऊन, नव्याने लॅकर (ज्यावरून तबकडीचे साचे बनतात ती खाच कोरलेली चकती) कापून काढलेली तबकडी पुष्कळदा पन्नास वर्षे घासल्या गेलेल्या मूळ प्रतीपेक्षा चांगली वाजते. रेंडेल-कार यांच्या त्या पाचही तबकड्यांचा जो संच जॅझमन या रेकॉर्ड कंपनीने २०१८ मध्ये काढला, तो या कामाचा उत्तम नमुना आहे. मी तो वेळेवर घेतला नाही आणि संपल्यावर हळहळत बसलो. विक्रेत्याला माझी ही हळहळ ठाऊक होती, कारण मीच ती त्याला सांगितली होती.

माझा जीव मात्र खरा अडकला होता तो ‘हम दोनो’मध्ये. जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि १९३६ साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेला गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांची ही १९६९ ची तबकडी. सोबत इयन कारचे ट्रम्पेट आणि तरुण नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचून वाहणारा आवाज. तिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. त्याच वर्षीच्या डिसिल्व्हाच्या ‘इंटिग्रेशन’वर ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आहे. मी गिरगावात, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर वाढलो आणि रविवारी दुपारी शेजारच्या गोवेकरांच्या खिडकीतून येणारी गिटार ऐकतच मोठा झालो; तेव्हा या नावांनी मला काय होत असेल हे मराठी वाचकांना सांगावे लागू नये. हे समर्थन आहे हे मला कळते. तरी ते इथे राहू द्यावे.

विक्रेता मला एका रेकॉर्ड-मेळ्यात भेटला. राहणारा समुद्रापलीकडचा, मुख्य युरोपातला. वर्षातून दोन-तीनदा पेट्या भरून लंडनला येणारा. अशा योजना कशा चालतात हे सर्वांना ठाऊक आहे, मलाही होते: आधी प्रामाणिक व्यवहार, मग मोठा घास. त्याने मला तीन तबकड्या विकल्या, २६ पौंड, ३८ पौंड आणि ५४ पौंड, तिन्ही अस्सल आणि सांगितल्यापेक्षा चांगल्या स्थितीत. म्हणजे ११८ पौंडांत त्याने माझा विश्वास विकत घेतला, आणि त्या ११८ पौंडांचा मालही मला दिला. इतका स्वस्त सौदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

चौथ्या वेळी त्याने एक लॉट देऊ केला: रेंडेल-कारचा तो पाच तबकड्यांचा संच, पाच सुट्या रीइश्यू, आणि ‘हम दोनो’चे एक टेस्ट प्रेसिंग (मुख्य छपाईआधी तपासणीसाठी काढलेली प्रत). मूळ टेपवरून निघायची एक आवृत्ती परवान्याच्या भांडणात बारगळली, तिची मोजकी टेस्ट प्रेसिंग कारखान्यातून बाहेर पडली आणि त्यांतले एक आपल्याकडे आले, अशी त्याची कथा होती. सगळ्याची किंमत १,१४० पौंड. हा भाव बाजारभावाच्या निम्मा असता तर मी तिथेच थांबलो असतो. पण त्याने हिशेब नीट केला होता आणि भाव फार तर पंधरा टक्क्यांनी उतरवला होता. लोभाने फसला असे मला कोणी म्हणू नये. मला ती तबकडी हवी होती, एवढेच.

आता तो क्षण. त्याने टेस्ट प्रेसिंगचे सहा फोटो पाठवले. पांढरे कोरे लेबल, आणि शेवटच्या खाचेनंतर जो गुळगुळीत पट्टा असतो त्याचा जवळून घेतलेला, तिरप्या उजेडातला सुरेख फोटो. त्यात ईएमआयच्या जुन्या धर्तीचा मॅट्रिक्स क्रमांक (कापलेल्या लॅकरचा ओळख क्रमांक) स्वच्छ वाचता येत होता, आणि लेबलच्या उजव्या अंगाला, घड्याळात तीन वाजतात त्या जागी, ‘जी’ हे एक अक्षर. जुन्या ईएमआय तबकड्या हाताळणाऱ्यांना ही खूण माहीत असते: कंपनीच्या ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातली दहा अक्षरे घेऊन त्यांचे आकडे ठरवलेले होते, जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असे. त्या जागी नुसते ‘जी’ असले की पहिला स्टँपर, म्हणजे तबकड्या दाबायचा पहिला साचा. मी हर्षलो. माझ्या वहीत त्या तारखेला ‘जी – पहिला स्टँपर!!’ अशी नोंद आहे आणि तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. ते पान फाडून टाकायला माझा हात अनेकदा उचलला गेला आहे.

नव्याने कापलेल्या लॅकरला नवा मॅट्रिक्स क्रमांक पडतो. ईएमआयच्या १९६९ मधल्या हेज येथील कारखान्याची स्टँपर-खूण या शतकात दुसऱ्याच कुठल्या कारखान्यात दाबलेल्या टेस्ट प्रेसिंगवर येणे शक्यच नाही. तो फोटो कोणाच्या तरी मूळ प्रतीचा होता आणि लेबलवर पांढरा कागद ठेवून तो काढलेला होता. ज्याला यातले काहीच कळत नाही असा माणूस त्या अक्षराकडे पाहून काही बोलला नसता आणि फसलाही नसता. मला थोडे कळत होते, आणि त्याने माझ्यासारख्या थोडे कळणाऱ्यासाठीच तो फोटो निवडला होता. पत्नीने त्या संध्याकाळी विचारले होते, “अहो, तुम्ही न पाहिलेल्या वस्तूचा भाव करताय? याला आमच्याकडे पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात.” मी तिला स्टँपरची अक्षरे समजावून सांगितली. अर्धा तास.

पैसे कसे दिले तेही लिहितो, कारण खरी फसगत तिथेच पक्की झाली. ६४० पौंड ऑनलाइन सेवेतून, पण ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकाराने, कारण विक्रीच्या प्रकारात त्याचे शुल्क कापले जाते आणि तो भार निम्मा-निम्मा उचलू, असे त्याचे म्हणणे होते. ज्या क्षणी विक्रेता हे दोन शब्द उच्चारतो, त्या क्षणी संभाषण बंद करावे. तो तुमचा मित्र नाही आणि कुटुंबातला तर नाहीच. उरलेले ५०० पौंड ‘भावाच्या’ परदेशी बँक खात्यात. मग पार्सलच्या विम्याचे म्हणून आणखी ६८. आणि सर्वांत ओशाळवाणी गोष्ट अशी की, २० टक्के व्हॅट वाचावा म्हणून पार्सलवर ‘भेटवस्तू, किंमत ३५ पौंड’ असे लिहायला मी होकार दिला. ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर इथे व्हॅट लागत नाही, ही माहिती त्याने दिली आणि मी ती हिशेबनीसाच्या तत्परतेने पडताळूनही पाहिली. सगळेच असे करतात, हे मी स्वतःला सांगितले. ३५ पौंडांच्या भेटीचा ६८ पौंड देऊन विमा उतरवणारा माणूस मात्र माझ्याखेरीज दुसरा नसेल.

पार्सल ठरल्या दिवशी आले. आत नऊ तबकड्या होत्या: सहा धर्मादाय दुकानांतल्या, एकेका पौंडाच्या, नाताळची गाणी आणि सैनिकी बँड; तीन चोरट्या प्रती, लेझर प्रिंटरवर छापलेल्या कव्हरांच्या, सीडीवरून उतरवलेल्या. माग काढण्याच्या पानावर वजन २.९ किलो दाखवत होते. पाच तबकड्यांचा संच आणि सहा सुट्या तबकड्या चार किलोंच्या आत बसत नाहीत, हे दारात उभ्या उभ्या कळायला हवे होते. पार्सल उघडण्याआधी वजन करा, आणि उघडताना अखंड व्हिडिओ घ्या. मी चाकू घेतला आणि टेप कापली.

त्याने रिकामे खोके का पाठवले नाही, हे मला बँकेने शिकवले. पहिला फोन ४१ मिनिटे, दुसरा २७, तिसऱ्यात मला सुरुवातीपासून सगळे पुन्हा सांगावे लागले. उत्तर असे: माल पोहोचला आहे, तो मनासारखा नसेल तर हा तुमचा आणि विक्रेत्याचा खासगी वाद आहे, फसवणूक नव्हे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे बँकांनी अशा ठकवून करवून घेतलेल्या हस्तांतरणांची भरपाई देणे सक्तीचे झाले आहे, असे मी म्हणालो. तो नियम देशांतर्गत हस्तांतरणांसाठी आहे, तुमचे पैसे परदेशी गेले, असे मला अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आले. म्हणजे ‘भावाचे’ खाते परदेशी का होते, तेही कळले. क्रेडिट कार्डाने सरळ खरेदी केली असती तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांवरच्या वस्तूसाठी, कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आले असते. माझ्या खिशात त्या दिवशी क्रेडिट कार्ड होते.

पैसे पाठवणाऱ्या सेवेने दोन ओळींत हात झटकले: मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीचे संरक्षण नाही. कुरिअर कंपनीने विम्याचा कागद मागितला. विमा कधी उतरवलाच गेला नव्हता, आणि उतरवला असता तरी ३५ पौंडांचा. पोलीस ठाण्यात एका तरुण शिपायाने सगळे शांतपणे ऐकले आणि ‘टेस्ट प्रेसिंग’ म्हणजे वैद्यकीय तपासणीचे काही साहित्य का, असे विचारले. मी समजावून सांगितले. त्याने ‘जुनी रेकॉर्ड, वापरलेली’ असे लिहून घेतले आणि फसवणुकीच्या तक्रारी ऑनलाइन नोंदवायच्या असतात, असे सांगून मला घरी पाठवले. ऑनलाइन नोंदीतून एक क्रमांक मिळाला. पाच आठवड्यांनी पत्र आले की तपासाला पुरेसा धागा दिसत नाही. मी त्यांना खाते क्रमांक, पत्ता, फोन, बारा फोटो आणि ६४ संदेश दिले होते. याहून जाड धागा काय असतो, ते मला कोणी सांगेल काय? चोराला पकडणे अवघड असेल, मान्य आहे, पण तक्रार करणाऱ्याला चार टेबलांवर फिरवून शेवटी ‘आपण अधिक काळजी घ्यायला हवी होती’ असे ऐकवायला पगारी माणसे कशाला हवीत? ते तर पत्नीने फुकट सांगितले होते.

त्या तीन चोरट्या प्रतींविषयी थोडेसे, कारण त्यातही शिकण्यासारखे आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत २०१३ मध्ये ५० वर्षांवरून ७० वर्षे झाली, पण १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे तोवर मोकळी झालेली होती. त्यामुळे ब्रिटिश सॅक्सोफोनवादक टबी हेजच्या १९५० च्या दशकातल्या तबकड्या कोणीही छापतो आणि ते कायद्यात बसते. आवाज कसा असेल ती गोष्ट वेगळी. १९६५ किंवा १९६९ च्या तबकडीला ती मोकळीक नाही. मागच्या बाजूला परवाना कोणाकडून घेतला याची ओळ नसेल, टेप कोणी उतरवली आणि लॅकर कोणी कापले यांची नावे नसतील, तर ती तबकडी ठेवून द्यावी, विक्रेता कितीही रसिक असो. फोटो मागताना कागदावर आजची तारीख आणि तुमचे नाव लिहून तो कागद तबकडीवर ठेवायला सांगा. आणि आपल्या संग्रहाचे फोटो कोणाला पाठवू नका.

हे शेवटचे मला गेल्या आठवड्यात समजले. व्यवहार जमत असताना त्याने माझा संग्रह पाहायची इच्छा व्यक्त केली होती, आणि मी फुशारकीने आठ फोटो पाठवले होते. त्यांतला एक आता वेगळ्या नावाने चाललेल्या विक्रीच्या जाहिरातीत आहे, ‘लंडनमधील एका जुन्या संग्राहकाकडून’ अशा मथळ्याखाली. फोटोच्या कोपऱ्यात माझ्या आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाची कड स्पष्ट दिसते. मी त्या विक्रीस्थळाकडे तक्रार केली. सदर छायाचित्र आपलेच असल्याचा पुरावा जोडावा, असे उत्तर आले. रुमाल अजून त्याच टेबलावर आहे. त्याच्यावर आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला आहे.