जनुकीय माहितीवरून पिकाचे भाकीत करणारी सेवा : दावा मोठा, उपयोग दुसरीकडेच

वाणांच्या एसएनपी मार्करची (डीएनएमधील एका अक्षराच्या फरकाच्या खुणांची) फाइल आणि शेतातील मोजणीचा तक्ता दिला, की डीप लर्निंगच्या, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कच्या, आधारे प्रत्येक वाणाच्या उत्पादनाचा, उंचीचा किंवा फुलोऱ्याच्या कालावधीचा अंदाज देणारी ही सशुल्क ऑनलाइन सेवा आहे. मोजक्या ठळक मार्करांवर विसंबण्याऐवजी सर्वच मार्कर एकत्र वापरून वाणाचे मूल्य ठरवण्याची कल्पना मेउविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडली. येथे त्याच कल्पनेला न्यूरल नेटवर्कची जोड दिली आहे.

फाइल तपासण्याचे काम ही सेवा उत्तम करते. मार्करचे एक रूप वाणात किती प्रतींत आहे हे सांगणाऱ्या ०, १, २ या संकेतांतील विसंगती, गाळलेली मूल्ये आणि दोनदा आलेले नमुने ती चटकन दाखवते. पैदासकाराचा बराच वेळ याच कामात जातो, त्यामुळे ही सोय लहान मानता येणार नाही.

न्यूरल नेटवर्क अधिक अचूक असल्याच्या जाहिरातीतील दाव्याबाबत मात्र सावध राहावे. गव्हाच्या ५९९ वाणांची, १,२७९ मार्करांची आणि चार पर्यावरणांतील उत्पादनाची जी सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राची माहिती बीजीएलआर या जनुकीय अंदाजासाठीच्या मुक्त सॉफ्टवेअर पॅकेजसोबत मिळते, तिच्यावर मी सेवा चालवून पाहिली. अहवालात न्यूरल नेटवर्क रेषीय पद्धतीच्या (मार्करांचे परिणाम नुसते बेरजेने जोडणाऱ्या) पुढे दिसले; परंतु याच माहितीवर वाणांमधील जनुकीय साम्यावरून अंदाज बांधणाऱ्या कर्नल पद्धतीही रेषीय पद्धतीला मागे टाकते, हे या क्षेत्रात २०१० पासून ठाऊक आहे. त्यामुळे खरी तुलना कर्नल पद्धतीशी व्हायला हवी होती आणि अहवालात नेमकी तीच नाही. मी ती साध्या लॅपटॉपवर स्वतः केली, तेव्हा दोहोंतील फरक नगण्य निघाला. हे अनपेक्षित नव्हते, कारण नमुने काही शेकडा आणि मार्कर त्याहून कितीतरी अधिक असताना मोठे नेटवर्क जनुकांचा परिणाम शिकण्याऐवजी नमुन्यांतील योगायोगच पाठ करण्याची शक्यता असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सेवा वाणांची विभागणी यादृच्छिक करते, म्हणून एकाच संकरातील भावंडे प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही गटांत येतात. मॉडेल तेव्हा बहुतांशी नातेसंबंध ओळखते आणि आकडा फुगतो. पैदासकाराला तर न पाहिलेल्या संकराचा अंदाज हवा असतो. शिवाय आनुवंशिकता (वाणावाणांतील फरकांपैकी जनुकांमुळे येणारा वाटा) ०.३६ असलेल्या गुणधर्मात प्रत्यक्ष मोजणीशी अपेक्षित सहसंबंध ०.६ च्या, म्हणजे तिच्या वर्गमूळाच्या, पुढे जाऊ शकत नाही. ही कमाल मर्यादा आलेखावर दाखवणे अवघड नव्हते. (ती दाखवली असती, तर जाहिरातीतील उंच स्तंभ बरेच बुटके वाटले असते.)

हवामानाच्या दैनंदिन नोंदी जोडण्याची सोय मला सर्वांत आशादायक वाटली. तापमान, पाऊस आणि जनुकीय रचना यांच्या गुंतागुंतीच्या परस्परक्रियेतच डीप लर्निंगला खरा वाव आहे, मात्र त्यासाठी अनेक ठिकाणच्या आणि अनेक हंगामांच्या चाचण्या हाताशी हव्यात. अशी माहिती असलेल्या मोठ्या पैदास कार्यक्रमाने ही सेवा जरूर अजमावावी, आणि एक संपूर्ण संकरकुटुंब व एक संपूर्ण हंगाम आधीच बाजूला काढून चाचणी स्वतः करावी. लहान कार्यक्रमाला मुक्त पॅकेजे पुरेशी आहेत. अपलोड केलेली माहिती कायमची पुसण्याची तरतूद करारात स्पष्ट आहे; प्रशिक्षित मॉडेल मात्र उतरवून घेता येत नाही, त्यामुळे सदस्यत्व संपले की हाती केवळ अंदाजांचा तक्ता उरतो.