मोठे चाक की चांगला टायर : गोव्यातल्या फोंड्याच्या एका स्विफ्टचे अनुभव

माझी स्विफ्ट २०१९ सालची, व्हीएक्सआय प्रकारातली आहे. कारखान्यातून आली तेव्हा तिच्या लोखंडी रिमांवर १६५/८० आर १४ या मापाचे टायर होते आणि २०२५ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे सहा वर्षे आणि सुमारे ४१ हजार किलोमीटर, तेच चालवले. मे महिन्याच्या अखेरीस त्यांच्या जागी मिशेलिनचे एक्सएम२ प्लस हे टायर १८५/७० आर १४ या मापात, त्याच जुन्या रिमांवर बसवून घेतले. त्यानंतर एक सबंध पावसाळा आणि साडेनऊ हजार किलोमीटर झाल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. मधल्या काळात सोळा आणि सतरा इंची अलॉय चाकांचा मोह मलाही पडला होता, तेव्हा तो का सोडला हेही सांगणे आले.

निमित्त घडले ते आधीच्या वर्षीच्या चतुर्थीच्या सुमारास. मडगावहून परतताना बोरीच्या उतारावर पुढची पिकअप अचानक थांबली. रस्ता नुकताच भिजलेला, त्यावर कडेच्या जांभ्याची तांबडी माती वाहून आलेली, आणि माझा वेग जेमतेम पन्नासचा. ब्रेक दाबताच पायाखाली एबीएसची (चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेची) थरथर जाणवली आणि गाडी माझ्या अंदाजापेक्षा चांगली दीड गाडीभर पुढे जाऊन थांबली. कोणाला काही झाले नाही. मागे सीटवर ठेवलेली माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळे मात्र सगळी खाली घरंगळली. घरी आल्यावर टायर पाहिले. नक्षीची खोली अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कायद्याने घालून दिलेल्या १.६ मिलिमीटरच्या वर होती, पण रबर इतके कडक झाले होते की नखाने दाबले तरी खूण उमटेना. बाजूच्या भिंतीवरचा आकडा १११९ होता, म्हणजे २०१९ च्या अकराव्या आठवड्यातले उत्पादन. दोष टायर बनवणाऱ्याचा नव्हता. सहा उन्हाळे अंगणात उन्हात उभी राहिलेली गाडी आणि किलोमीटर कमी झाले म्हणून निर्धास्त असलेला मालक, हा तो दोष.

टायर बदलायचेच ठरल्यावर आमच्या मावसभावाने सल्ला दिला की पैसे घालतोसच आहेस तर चाकेही मोठी घे. माझ्याच मॉडेलच्या त्याच्या गाडीला सतरा इंची अलॉय आहेत, आणि गाडी उभी असताना ती दृष्ट लागण्यासारखी दिसते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण आकडे मांडून पाहिले तेव्हा चित्र वेगळे दिसू लागले. टायरच्या मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी असतो, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत उंच आहे ते, आणि तिसरा रिमचा इंचांतला व्यास. माझ्या मूळ टायरची भिंत १३२ मिलिमीटर होती. १८५/७० आर १४ मध्ये ती १२९.५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तितकीच राहते. सोळा इंची रिमवर १९५/५५ घेतला तर ती १०७ वर येते आणि सतरा इंचीवर २०५/४५ घेतला तर फक्त ९२ वर. बाहेरून चाकाचा एकूण व्यास चारही मापांत ६१५ ते ६२१ मिलिमीटरच्या दरम्यानच राहतो, कारण तो फारसा बदलला तर वेगमापक खोटे बोलू लागतो आणि चाक आतल्या प्लास्टिकला घासते. याचा सरळ अर्थ असा की मोठे रिम घेऊन चाक मोठे होत नाही. धातू वाढतो आणि त्याच मापाने रबर व हवा कमी होते. गोव्याच्या रस्त्यांवर खड्ड्याचा धक्का आधी कोण खाते, तर ही हवाच. मावसभावाचे एक अलॉय धारबांदोड्याच्या बाजूला, जिथे जड ट्रकांनी डांबराची कड तोडली आहे, तिथे वाकले आणि टायरला बाजूने फुगा आला. पहिल्या पावसाळ्यातच त्याला एक रिम आणि एक टायर नव्याने घ्यावा लागला.

आणखी एक बाब दुकानात सहसा कोणी सांगत नाही. मूळ टायरचा भारांक ८५, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार चालतो. २०५/४५ आर १७ चा साधा प्रकार ८४ चा, म्हणजे ५०० किलोचा असतो. पुरेसा भार हवा असेल तर जादा मजबुतीचा ८८ चा प्रकार मागून घ्यावा लागतो. रूप पाहून घेणारा गिऱ्हाईक हे विचारत नाही आणि विकणाराही आपणहून बोलत नाही.

चौकशीसाठी पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथला अनुभव बरा नव्हता. नाव घेत नाही. मी टायर विचारत होतो आणि समोरचा मुलगा मला चाके दाखवत होता. नटांची चार भोके, त्यांचे वर्तुळ शंभर मिलिमीटरचे, बसतील ना, मग झाले, असा त्याचा हिशेब. चाक ज्यावर बसते त्या स्विफ्टच्या हबचा मध्यभाग ५४.१ मिलिमीटरचा आहे आणि बाजारातल्या बऱ्याच अलॉयचे मधले भोक त्याहून बरेच मोठे असते, तेव्हा ती फट भरणारी मधली रिंग देणार का, असे विचारल्यावर तो म्हणाला की नट घट्ट आवळले की काही होत नाही. तसे होत नाही. रिंग नसली की चाक हबवर नेमके मध्यात बसेलच असे नाही, आणि ते जरासे जरी सरकले तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. त्याच दुकानात ‘ताजा माल’ म्हणून दाखवलेल्या टायरवर ३८२२ हा आकडा होता, म्हणजे अडीच वर्षांहून जुना. नमस्कार करून बाहेर पडलो.

शेवटी काम केले ते कुर्टीच्या एका लहान दुकानात. तिथल्या वयस्कर मेस्तने, म्हणजे कारागिराने, आधी माझ्या जुन्या रिमच्या आतल्या बाजूचा ५जे हा ठसा पुसून पाहिला. पाच इंच रुंदीच्या रिमवर १८५ चा टायर व्यवस्थित बसतो, १९५ घालायचा हट्ट करू नका, असे त्याने स्वतःहून बजावले. मग नवा टायर उभा करून भिंतीवरचे आकडे बोटाने दाखवत म्हणाला, “पात्रांव, हे पाहा, ०८२५. फेब्रुवारीतला आहे.” रिमच्या कडेला साचलेला गंज तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय त्याने एकही टायर चढवला नाही, रबरी वॉल्व्ह चारही नवे लावले, आणि बॅलन्सिंग करताना एका चाकाला पंचेचाळीस ग्रॅम वजन लागते म्हटल्यावर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून ते वीसवर आणले. अलाइनमेंटच्या पडद्यावर डावे पुढचे चाक बाहेर वळलेले दिसले. जुन्या टायरची आतली कड का जास्त झिजली होती ते तेव्हा कळले. सगळे मिळून २४ हजारांच्या थोडे आत झाले, आणि जुन्या टायरांचे मिळालेले चारशे रुपये चहापाण्यात गेले. सोळा इंची अलॉय आणि टायरांसाठी मला ६५ हजारांचा आकडा सांगितला होता. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मी चार महिने थांबलो असतो तर बरे झाले असते. पण ते चार महिने पावसाळ्याचे होते.

आता मुख्य गोष्ट, टायर कसे आहेत. ओल्या रस्त्यावरचा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवला. बोरीचाच उतार, तसाच पाऊस, आणि मागे कोणी नाही हे पाहून मी मुद्दाम पन्नासवर जोरात ब्रेक दाबला. एबीएस क्षणभर बोलले आणि गाडी सरळ रेषेत थांबली. चोर्ल्याच्या घाटात जुलैमध्ये बेळगावला जाताना वळणांवर पूर्वी जो पुढचा भाग बाहेर सरकू पाहायचा, तो आता सरकत नाही. हे श्रेय रुंदीपेक्षा रबराच्या नव्या मिश्रणाला आणि खोल खाचांना जास्त आहे, असे माझे मत आहे. उलट साचलेल्या पाण्यात टायर जितका रुंद तितका तो पाण्यावर तरंगण्याची शक्यता वाढते. म्हणून भोमच्या सखल पट्ट्यात पाणी भरलेले असते तेव्हा मी आजही साठच्या वर जात नाही. आवाज जुन्या टायरांपेक्षा कमी येतो, विशेषतः पणजीकडच्या काँक्रीटच्या भागावर. खड्ड्यातून जाताना जुन्या टायरांचा जो लाकडी ठोका बसायचा तो बराच मऊ झाला.

किंमत मोजावी लागली ती मायलेजमध्ये. पूर्वी फोंडा-पणजी रोजच्या फेरीत लिटरला एकवीसच्या आसपास मिळायचे, आता वीस मिळतात. रुंद टायर म्हटले की हे आलेच. उभ्या गाडीत स्टिअरिंग किंचित जड लागते, तेही दोन दिवसांत अंगवळणी पडले. वेगमापकाचा फरक एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि तोही काटा जरा जास्त दाखवतो या सुरक्षित बाजूला.

ज्यांना पाहिजेच असेल त्यांनी मोठे चाक घेऊच नये असे मी म्हणत नाही. स्विफ्टच्याच वरच्या प्रकारात कंपनी १८५/६५ आर १५ देते. ती पंधरा इंची चाके मिळाली तर त्यात रूपही आहे आणि भिंतही १२० मिलिमीटरची राहते. वळणावर गाडी झटकन वळावी अशी ज्यांची आवड आहे त्यांना कमी उंचीची भिंत उपयोगी पडते, हेही खरे. मात्र कारखान्याने त्या मॉडेलला न दिलेले माप बसवताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून आणि विमा कंपनीला लेखी कळवूनच पुढे जावे. मावसभावाने ते केले नव्हते आणि वाकलेल्या चाकाचा सगळा खर्च त्याच्याच खिशातून गेला.

माझ्या बाजूने एक गोष्ट अर्धवट राहिली आहे. स्टेपनीवर अजून जुना १६५/८० चाच टायर आहे. व्यासात पाच मिलिमीटरचा फरक असल्यामुळे पंक्चरच्या वेळी तो मागच्या चाकाला लावायचा आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जायचे, असे मेस्तने बजावले आहे. पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे काढून पुढे आणि स्टेपनी मागे, अशी दुप्पट मेहनत. ऑगस्टमध्ये दाबाळजवळ भर पावसात ती एकदा केली आणि घरी येऊन पाचव्या टायरचा भाव विचारायला कुर्टीला फोन लावला.