फुगेराय, आउग्सबुर्ग: तिकीट काढून पाहावी अशी चाळ

जर्मनीत म्युनिकहून रेल्वेने साधारण अर्ध्या-पाऊण तासावर असलेली ही वसाहत याकोब फुगर या सावकाराने गरजू कारागीर आणि रोजंदारीवाल्यांसाठी बांधली. दानपत्र 1521 चं. भिकाऱ्यांना इथे जागा नव्हती. कष्ट करूनही कर्जात बुडालेल्यांना होती.

आज 67 घरं, 140 बिऱ्हाडं. वर्षाचं भाडं 88 युरो सेंट, म्हणजे जुन्या चलनातला एक गिल्डर. शिवाय रोज तीन प्रार्थना. वीज आणि हीटिंगचा खर्च मात्र वेगळा, हे 'जवळपास फुकट घर' म्हणणारे विसरतात. अर्जदार आउग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू हवा. रात्री दहाला वेस बंद. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याच्या हातावर नाणं ठेवायचं.

नकाशा मात्र दाद देण्याजोगा. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार. तळमजल्याला परसबाग, वरच्याला पोटमाळा. दारावरच्या घंटेची लोखंडी मूठ प्रत्येक घराची निराळी, कुठे तिपानी पाल्याच्या आकाराची. दिवाबत्ती नव्हती तेव्हा अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून, असं सांगतात.

जुन्या मांडणीचं घर आधी पाहा, मग जमिनीखालचं बंकर. फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा बराच भाग पडला. दिसतं त्यातलं पुष्कळसं पुनर्बांधणीचं आहे. संगीतकार मोत्सार्टचे पणजोबा, गवंडी फ्रान्झ, इथेच राहत. त्यांच्या घरावरची पाटी गर्दीत सहज चुकते. खिडक्यांतून आत डोकावू नका, माणसं राहतात.