राहिलेली दहावी: रात्रशाळा, सतरा नंबर की एनआयओएस?

सातवी-आठवीत शाळा सुटली, मग लग्न, मुलं, चार घरची कामं. आता कुठे हाउसकीपिंगच्या सुपरवायझरची जागा निघते आणि तिथे दहावीचं मार्कशीट मागतात. अशा बाईला, किंवा हॉटेलात राबून तिशी गाठलेल्या माणसाला, दहावीचे मुख्य रस्ते तीन. तिन्हीकडचं प्रमाणपत्र खरं आणि चालणारं. "ओपनची, म्हणजे मुक्त विद्यालयाची दहावी म्हणजे दुय्यम" हे ऐकाल, ते सोडून द्या. निवड करताना अभ्यासक्रम सोपा कुठला हे पाहण्याआधी आपण अडकतो कुठे ते बघावं: कागदांत, गणितात, वेळेत की एकटेपणात.

रात्रशाळा सगळ्यांत जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी अशी शाळा काढली होती. आजच्या रात्रशाळेत राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम, समोर शिक्षक, शेजारी आपल्यासारखेच दिवसभर राबून आलेले. दोन दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी विचारतं, आणि माझ्या मते मोठ्या वयात हीच सर्वांत मोलाची गोष्ट. मुंबईत 'मासूम' ही संस्था २००८ पासून रात्रशाळांना हात देते आहे. पण या शाळा शहरांत, त्यातही मुख्यतः मुंबई-पुण्याकडे. तालुक्याच्या गावी शोधून सापडणं कठीण. शिवाय वेळ संध्याकाळची, म्हणजे नेमकी चूल पेटायची. घरातलं दुसरं कोणी स्वयंपाक उरकणार असेल तरच बाईला हे जमतं. हा प्रश्न नवऱ्यासमोर, सासूसमोर आधी मांडा, नाव नंतर घाला.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण, एवढी अट. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, तोंडी आणि अंतर्गत गुणांचं काम तिथे होतं. मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. मार्कशीट गावातल्या कुणाही पोराच्या मार्कशीटसारखं असतं, त्यामुळे भरतीच्या टेबलावर कोणी भुवया उंचावत नाही. मराठी पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका, गाइडं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मुलगी किंवा मुलगा नववी-दहावीत असेल तर एकाच पुस्तकावर दोघांचा अभ्यास होतो. अडचण एकच, पण मोठी. सहाही विषय एकाच हंगामात द्यायचे, आणि गणित-विज्ञान चुकत नाही. अपूर्णांक वीस वर्षांत विसरलेल्या माणसाला वर्षभर शिकवणारं कोणी नसेल तर पुरवणी परीक्षांचा फेरा सुरू होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नापासानंतर बरेच जण पुस्तक माळ्यावर टाकतात.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, इथे वेगळी आहे. १९८९ मध्ये 'नॅशनल ओपन स्कूल' म्हणून सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं मंडळ. पाच विषय पास व्हायचे, त्यात निदान एक भाषा. गणित घेतलंच पाहिजे असं नाही. त्याऐवजी गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असं काही घेता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी. एका खेपेला दोन विषय द्या, पुढच्या खेपेला एक. पास झालेला विषय हातात राहतो. आधी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी देऊन नापास झाला असाल तर त्यातले पास झालेले विषय, जास्तीत जास्त दोन, इकडे आणता येतात. आठवीचा दाखला नसेल तर मला दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वतः लिहून दिलेलं चालतं. ज्यांची शाळा स्थलांतरात, ऊसतोडीत, वीटभट्टीवर हरवली, त्यांच्यासाठी ही एक ओळ फार मोठी.

आता दुसरी बाजू. गणित-विज्ञान सोडलं तर आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडचं दार बंद होतं. मराठी माध्यम आहे, पण निवडलेला विषय मराठीत मिळतो का ते नोंदणीआधी तपासा. आणि पाच वर्षांची सवलत ही दुधारी: आज नाही तर ऑक्टोबरमध्ये, ऑक्टोबर नाही तर एप्रिलमध्ये. अभ्यास केंद्रातले संपर्कवर्ग मोजके असतात, तिथे रोजची हाक मारायला कोणी नसतं. म्हणून एकटं नाव घालू नका, वस्तीतल्या दोघी-तिघींनी मिळून घाला. "पास करून देतो, तुम्ही फक्त पैसे भरा" म्हणणारे क्लासवालेही याच मंडळाभोवती जास्त घुटमळतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

मग घ्यायचं कुठलं? चालत जाण्याच्या अंतरावर रात्रशाळा असेल आणि संध्याकाळ मोकळी करता येत असेल, तर डोळे झाकून तीच. नसेल, पण नववीपर्यंत शिकला असाल आणि गणिताला हात धरणारं कोणी असेल, तर सतरा नंबर. बाकीच्यांनी, विशेषतः पाळीची ड्युटी, लहान मूल किंवा आजारी माणूस घरी असलेल्यांनी, एनआयओएस घ्यावं. पाचवीसुद्धा झाली नसेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या स्तरापासून चढावं. त्यात वेळ जातो, पण पाया पक्का होतो.

अंगणवाडीच्या जागेवर डोळा असेल तर हिशेब दहावीशी थांबत नाही, सेविका-मदतनीस दोघींनाही आता बारावी लागते. तेव्हा दहावीला जो मार्ग धराल त्यावरून बारावीला कसं जायचं तेही आजच विचारून घ्या. आणि फॉर्म भरण्याआधी दाखल्यावरचं माहेरचं नाव आणि आधारवरचं सासरचं नाव यांचा मेळ बसवा; मार्कशीट छापून आल्यावर ती दुरुस्ती करायला कामाचे खाडे पडतात.