टेस्टोस्टेरॉन जेल, नागपूरच्या उन्हाळ्यासकट: काही महिन्यांच्या वापरानंतर

शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी पडत असेल तर जेल काम करतं. पण वाचणारा पंचविशी-तिशीतला असेल तर आधी एक प्रश्न सोडवा: पुढे मूल हवं आहे का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही अंडकोषांना हुकूम देणारी संप्रेरकं सोडणं आवरतं घेते, अंडकोषांचं काम मंदावतं आणि काही महिन्यांत शुक्राणूंची संख्या शून्यावरही जाऊ शकते. औषध बंद केल्यावर बहुतेकांची ती परत येते, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. मूल हवं असेल तर जेल नको आणि टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शनही नको. पिट्युटरीकडून येणारा हुकूमच कमी पडत असेल तर क्लोमिफीन, बहुधा २५ मिलिग्रॅम रोज किंवा एक दिवसाआड, नाहीतर एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं, असा रस्ता असतो. पुरुषांसाठी क्लोमिफीन मंजूर यादीबाहेरचं औषध आहे, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायचं. मुलाबाळांचं न विचारता जेल लिहून देणारा डॉक्टर बदललेला बरा.

खरी मेहनत निदानात आहे. रक्त सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. खाल्ल्यावर पातळी तात्पुरती घसरते, म्हणून तर्री-पोहे नमुना दिल्यानंतर. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या उद्योगक्षेत्रात, रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये गेलात तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. नीट झोपलेल्या रात्रीनंतरचीच सकाळ निवडा. डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापातून उठल्यावर काही आठवडे थांबा, कारण आजारपणातही पातळी पडते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान तीन दिवस आधी बंद ठेवा, त्या या चाचण्यांच्या यंत्राला चकवतात.

एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोन्ही वेळा आलं आणि लक्षणंही (कामेच्छा घटणं, ताठरतेचा त्रास) असली, तरच पुढे जायचं. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तिथे ३.२ म्हणजे ३२० हे कळलं की निम्मी घाबरगुंडी थांबते. पोट सुटलेल्यांत एसएचबीजी, म्हणजे रक्तात टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन, कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. म्हणून एसएचबीजी आणि अल्ब्युमिन सोबतच करून घ्या.

मग एलएच. ते वर असेल तर दोष अंडकोषांत: लहानपणी न उतरलेला अंडकोष, गालगुंडानंतरची सूज, क्लाइनफेल्टर (जन्मजात एक्स गुणसूत्र जास्त असणं). ते कमी किंवा 'नॉर्मल' असेल तर दोष वरच्या पातळीवर, म्हणजे पिट्युटरी किंवा मेंदूकडे, आणि तरुणांत बरेचदा हेच निघतं. इथे घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, लठ्ठपणा, जिममधली स्टेरॉइडची 'सायकल', वाढलेलं प्रोलॅक्टिन (बाळंतिणीत दूध आणणारं संप्रेरक, पुरुषांतही थोडं असतं) हे सगळं तपासावं लागतं. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर प्रोलॅक्टिन त्यानेच चढतं. वर्षानुवर्षं ती कॅप्सूल रिकाम्या पोटी घेणारे घरोघरी आहेत. प्रोलॅक्टिन बरंच वर असेल तर पिट्युटरीचा एमआरआय होतो. एंडोक्रिनॉलॉजिस्ट धंतोली-रामदासपेठेत मिळतात. खर्च परवडत नसेल तर मेडिकलचं, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, फक्त ओपीडीचा वार आधी विचारून जा.

आता जेल. एक टक्क्याच्या ५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम असतं आणि त्यातलं सुमारे दहा टक्केच रक्तात उतरतं; शरीर रोज साधारण तितकंच बनवतं. सकाळी आंघोळ, अंग पूर्ण कोरडं, मग खांदे आणि दंड. अंडकोषांवर लावायचं नाही. पाकीट कात्रीने उघडा, कोपऱ्यात बरंच उरतं. हात साबणाने धुवा. जेल अल्कोहोलचं असतं, वाळेपर्यंत देवघरातली उदबत्ती आणि गॅस दोन्हींपासून लांब. एक टक्क्याच्या जेलनंतर पाच तास आंघोळ नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खरी अडचण इथेच येते. आंघोळीनंतर लगेच घाम फुटतो आणि जेल वाळतच नाही. कूलरसमोर दहा मिनिटं बसून, अंग गार झाल्यावर लावलं तर जमतं. दुसरी आंघोळ संध्याकाळी. घरात उघड्या अंगाने फिरायची सवय मात्र सोडावी लागते. बनियन चालत नाही, खांदे आणि दंड उघडेच राहतात. बाह्यांचा टी-शर्ट हवा. उरलेलं जेल लहान मुलाला लागत राहिलं तर त्याच्यात अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात, गरोदर बायकोलाही ते लागू नये.

कामेच्छा आणि मूड यांत फरक तीन ते सहा आठवड्यांत कळतो, स्नायूंत तीन-चार महिन्यांनी. ताठरतेला सहा महिनेही लागतात, आणि मधुमेह किंवा ताण हे मूळ असेल तर जेलने ती सुधारेलच असं नाही.

पातळी तपासताना जेल लावल्यावर दोन ते आठ तासांत रक्त द्या, पण ज्या हातातून रक्त काढणार त्या दंडावर त्या दिवशी जेल नको. त्वचेवरचं जेल सुईबरोबर नमुन्यात जाऊन आकडा भलताच फुगतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस थांबतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडूनही ते वर दिसतं, म्हणून उपाशी असलात तरी पाणी भरपूर पिऊन जा.

इंजेक्शनशी तुलना करायची तर सस्टानॉन २५० दोन-तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त, पण पहिले काही दिवस जोर आणि शेवटी मरगळ. त्यात शेंगदाणा तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये. जेलची पातळी सपाट राहते, त्याबदल्यात रोजची कटकट. रात्रीतून बंद करू नका. स्वतःची यंत्रणा झोपलेली असते, काही आठवडे थकवा फार येतो. एकाच वेळी दोन महिन्यांची पाकिटं घेतलीत तर ती उन्हात तापणाऱ्या स्कूटरच्या डिकीत विसरू नका.